माणूस म्हणजे साबणाची वडी नाही

मार्केटिंगमधल्या माणसाची नोकरी गेली की त्याच्यावर दोन संकटं येतात. पहिलं सगळ्यांसारखंच: पगार थांबतो, घराचा हप्ता थांबत नाही. दुसरं खास त्याच्याच वाट्याचं. लग्नाच्या मांडवात, सोसायटीच्या सभेत, कधी घरच्या जेवणातच मोठ्या भावाच्या तोंडून ते येतं. ‘इतकी वर्षं दुसऱ्यांचा माल विकलास ना? मग स्वतःला विकता येत नाही?’ बँकेतून कमी केलेल्या माणसाला कुणी ‘स्वतःलाच कर्ज दे’ असं सांगत नाही. बंद पडलेल्या गिरणीतल्या कामगाराला ‘घरी सूत कात’ असंही कुणी म्हटलं नाही. मार्केटिंगवाल्याला मात्र त्याचं कामच तोंडावर फेकून मारलं जातं, आणि बोलणाऱ्याला वाटतं की आपण मोठी बिनतोड गोष्ट सांगितली.

हे मत धारदार आहे, म्हणून ते पूर्ण मांडायला हवं. गरज ओळखायची, आपलं वेगळेपण ठसवायचं, योग्य माणसापर्यंत योग्य वेळी पोचायचं, म्हणजे मार्केटिंग. ज्याला हे येतं, त्याने ते स्वतःवर वापरावं. नोकरीच्या संकेतस्थळांवर मार्केटिंगच्या जाहिराती रोज दिसतात, म्हणजे मागणी आहेच. तरीही सहा महिने, वर्षभर जो घरी बसला आहे, त्याला एकतर काम येत नाही, नाहीतर तो पगारावर अडून बसला आहे. थोडक्यात, बेकारी हाच त्याच्या नालायकीचा पुरावा.

हे मत मुळापासून चूक आहे, आणि ज्यांच्यावर ते लादलं जातं त्यांच्या आयुष्याची किंमत मोजून ते टिकून राहिलं आहे.

‘स्वतःला ब्रँड समजा’ ही कल्पना कुठून आली, ते आधी पाहू. टॉम पीटर्स या अमेरिकी व्यवस्थापन-लेखकाचा ‘द ब्रँड कॉल्ड यू’ हा लेख १९९७ साली ‘फास्ट कंपनी’ मासिकात आला आणि हा विचार जगभर पसरला. त्या वर्षी अमेरिकेतली बेकारी पाच टक्क्यांच्या आत होती. कंपन्याच माणसं शोधत फिरत होत्या. हातात नोकरी असलेल्याने आणखी चांगली नोकरी कशी मिळवावी, यासाठी तो सल्ला ठीक होता. तोच उचलून नोकरी गेलेल्या माणसासमोर कसोटी म्हणून ठेवला, तर ती कसोटी कशाची? दुष्काळात विहीर आटली म्हणून पोहरा ओढणाऱ्याला दोष द्यावा, तसलंच हे.

आणि ज्या शास्त्राच्या नावाने हा टोमणा मारला जातो, ते शास्त्र तरी काय सांगतं? केलॉग कंपनी १९९४ साली भारतात आली. तळोज्याला कारखाना टाकला, जाहिरातींवर पैसा ओतला. पण इथली घरं सकाळी गरम खाणारी. कोमट-गरम दुधात कॉर्नफ्लेक्सचा लगदा व्हायचा, आणि पहिली खरेदी झाल्यावर गिऱ्हाईक परत फिरकत नव्हतं. कंपनीने काय केलं? किमती बदलल्या, लहान पाकिटं काढली, चवी बदलल्या आणि वर्षानुवर्षं तोटा सोसून ती टिकून राहिली. आज गावोगावच्या किराणा दुकानात तो डबा दिसतो. जगातली एक नामांकित कंपनी, हाताशी पैसा आणि निवडक माणसं असूनही बाजारात पाय रोवायला इतकी वर्षं घेते, आणि त्याला धीर म्हणतात. खिशात पुढच्या दोन महिन्यांचं भाडं असलेल्या माणसाला सहा महिन्यांत गिऱ्हाईक मिळालं नाही, तर त्याला नालायक म्हणायचं?

मालाला अंदाजपत्रक असतं, वितरक असतो, दुकानात फळी असते. नाही खपला तर सवलत लावता येते, परत मागवता येतो, नवं वेष्टन चढवता येतं. माणसाला यातलं काहीच नसतं. त्याने किंमत उतरवली तर त्याच्याबद्दल शंका वाढते. वेष्टन बदललं तर ‘बायोडेटात फेरफार केला’ असं म्हणतात. आणि मुख्य म्हणजे साबणाची एक वडी खपली नाही तर दुसरी खपते. या माणसाकडे विकायला वडी एकच आहे, तीही एकाच गिऱ्हाइकाला.

बरं, ‘विकला गेला नाही म्हणजे गुण नाही’ हा न्याय मार्केटिंगच्या इतिहासाला तरी लावून पाहावा. कोका-कोलाने २३ एप्रिल १९८५ रोजी चव बदललेला ‘न्यू कोक’ आणला. गिऱ्हाइकं खवळली, आणि ७९ दिवसांत कंपनीला जुना कोक परत आणावा लागला. त्या मोहिमेचं नेतृत्व सर्जिओ झायमन यांच्याकडे होतं. १९८६ मध्ये ते कंपनीतून बाहेर पडले. १९९३ मध्ये त्याच कंपनीने त्यांना मार्केटिंगचं प्रमुखपद देऊन परत बोलावलं. मधल्या सात वर्षांत त्यांची अक्कल गेली होती आणि मग परत आली, असं कुणी म्हणेल का? बदलला तो बोलावणाऱ्याचा निर्णय. गुण जिथे होते तिथेच होते.

आता मार्केटिंगमधल्या नोकऱ्या जातात कशा, ते पाहू. कंपनीला ओढाताण लागली की पहिली कात्री जाहिरात आणि प्रसाराच्या खर्चावर पडते, कारण कारखाना एका दिवसात बंद करता येत नाही, मोहीम करता येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ऑनलाइन शिकवण्यांच्या बायजू कंपनीने सुमारे २,५०० कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात फुटबॉलपटू लिओनेल मेस्सी त्यांचा जागतिक राजदूत झाला. कमी झालेल्यांमध्ये ज्यांनी महिनोन्‌महिने टार्गेट पूर्ण केलं होतं, त्यांच्या कामाचा या निर्णयाशी काय संबंध होता? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. लोकसभा, राज्यसभा आणि राष्ट्रपतींची सही, सगळं तीन दिवसांत उरकलं. असे खेळ चालवणाऱ्या मुंबईच्या ड्रीम११ ने भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचं प्रायोजकत्व सोडलं. त्या उद्योगात जाहिरातींचा पैसा अफाट होता, आणि तो हाताळणारी माणसं सोमवारी कामावर गेली ती शनिवारपर्यंत बिनकामाची झाली. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. पण त्या मुलांनी स्वतःचं ‘ब्रँडिंग’ आणखी कसं करायला हवं होतं, ते टोमणा मारणाऱ्याने सांगावं.

जाहिरात संस्थांची कथा तर अजून ताजी आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑम्निकॉमने इंटरपब्लिक समूह ताब्यात घेतला आणि लगोलग सुमारे ४,००० नोकऱ्या कमी करण्याचं, शिवाय डीडीबी, एफसीबी आणि मुलनलो ही तीन जागतिक नावं मोडीत काढण्याचं जाहीर केलं. यातल्या एफसीबीच्या भारतीय नावात ‘उल्का’ होतं, बाळ मुंडकूर यांनी १९६१ साली मुंबईत उभी केलेली संस्था. डीडीबीच्या भारतीय नावात ‘मुद्रा’ होती, ए. जी. कृष्णमूर्तींनी १९८० मध्ये अहमदाबादेत सुरू केलेली. त्याआधी २०२३ मध्ये जे. वॉल्टर थॉम्पसन या १८६४ पासूनच्या संस्थेच्या नावाचा उरलासुरला अंशही एका विलीनीकरणात पुसला गेला. ब्रँड घडवणं हाच ज्यांचा धंदा, त्या संस्थांना स्वतःचं नाव वाचवता आलं नाही. त्यांना कुणी ‘तुम्हाला मार्केटिंग येत नाही’ म्हटलं नाही. ते बोल अंधेरी नि लोअर परळमधून लॅपटॉप परत करून बाहेर पडलेल्या पस्तिशीच्या माणसाने ऐकायचे.

लॅपटॉप परत करणं ही लहान गोष्ट नाही. गवंड्याने बांधलेली भिंत उभी राहते, प्रोग्रॅमर आपला कोड दाखवू शकतो. मार्केटिंगवाल्याचं काम कंपनीच्या डॅशबोर्डवर असतं, आणि शेवटच्या दिवशी लॉगिन बंद होतं. कोणत्या जिल्ह्यात कोणता स्टॉकिस्ट किती माल उचलतो, कोणत्या जाहिरातीवर रुपयाला किती परतावा आला, हे आकडे गोपनीय, बाहेर नेता येत नाहीत. शिवाय मोहीम यशस्वी झाली तर ती दहा जणांची. मुलाखतीत ‘यात नेमकं तुमचं काय?’ असं विचारलं की प्रामाणिक माणूस अडखळतो आणि थापाड्या धडाधड बोलतो.

‘मागणी आहे, रोज जाहिराती दिसतात’ हा दुसरा दावा. ज्याने चार महिने अर्ज केले आहेत, त्याला त्या जाहिरातींची जात ठाऊक असते. एकच जागा तीन कन्सल्टन्सींनी तीन नावांनी टाकलेली असते. काही जागा आतल्या माणसासाठी आधीच ठरलेल्या असतात, नियम म्हणून जाहिरात दिली जाते. फोन येतो, माणूस उजळतो. पहिला राउंड होतो, दुसरा होतो, थेट साहेबांशी बोलणं होतं. घरात बायको काही विचारत नाही, पण चहा घेऊन दोनदा दाराशी येऊन जाते. मग आठवडाभर शांतता. शेवटी एचआरचा निरोप: ‘सध्या पोझिशन होल्डवर आहे.’ वर जायला तीन आठवडे, खाली यायला एक ओळ. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नव्या अर्जात तोच उत्साह आणायचा, कारण उत्साह दिसला नाही तर ‘मार्केटिंगवाला असून एनर्जी नाही’ असा शेरा पडतो.

जाहिरातीत एक शब्द हमखास असतो, ‘इमिजिएट जॉइनर’. ताबडतोब रुजू होणारा हवा. उद्यापासून कामावर येऊ शकेल असा माणूस कोण? ज्याच्याकडे नोकरी नाही तो. नोकरी असलेल्याला तर अनेकदा ९० दिवसांची नोटीस द्यावी लागते. तरीही मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, ‘सध्या कुठे आहात?’ आणि ‘सध्या कुठेच नाही’ म्हणताच समोरच्याचा सूर उतरतो. पाहिजे तो उद्या येणारा, पण तो रिकामा नको. ही अट कोण पुरी करणार?

रिकाम्या माणसाबद्दलचा हा संशय मोजला गेलेला आहे. क्रॉफ्ट, लँग आणि नोटोविदिग्दो या तीन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेच्या मोठ्या शहरांत सुमारे ३,००० खऱ्या जागांसाठी सुमारे १२,००० बनावट बायोडेटा पाठवले. शिक्षण, अनुभव अशा बाबी सारख्या ठेवून बेकारीचे महिने तेवढे बदलले. २०१३ मध्ये आलेल्या निष्कर्षांत दिसलं की बेकारीचे महिने वाढतील तसे मुलाखतीचे फोन झपाट्याने घटतात, आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतच होते. माणूस तोच, गुण तेच. रांद घयाद या संशोधकाच्या तशाच प्रयोगात दिसलं की त्या क्षेत्राचा अनुभव असलेल्या पण सहा महिन्यांहून जास्त बेकार असलेल्या उमेदवारांपेक्षा, अनुभव नसलेल्या पण नुकतीच नोकरी गेलेल्या उमेदवारांना जास्त फोन आले. म्हणजे मालक अनुभव वाचण्याआधी तारखा वाचतात.

क्रॉफ्ट यांच्या प्रयोगातली आणखी एक गोष्ट तर त्या टोमण्याचा कणाच मोडते. ज्या शहरांत बेकारी आधीच जास्त होती, तिथे ही घसरण सौम्य होती. कारण तिथल्या मालकांना ठाऊक होतं की सगळीकडेच मंदी आहे, याचा दोष नसेल. एकाच माणसाला एका शहरात ‘परिस्थितीचा बळी’ आणि दुसऱ्या शहरात ‘काहीतरी खोट असणार’ असं ठरवलं जात होतं. मग तो निकाल माणसाबद्दल होता की निकाल देणाऱ्याच्या अंदाजाबद्दल?

इथली परिस्थितीही पाहावी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या भारतविषयक २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये तरुण पदवीधरांमधली बेकारी २९.१ टक्के होती; लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. शिकलेल्या मुलांनी स्वतःला नीट ‘पेश’ केलं नाही म्हणून हा फरक पडला, असं कोण छातीठोकपणे म्हणेल?

‘मग पगाराची अट सोडा, मिळेल ते करा.’ हा सल्ला देणाऱ्याने कधी पगार कमी करून नोकरी मागून पाहिलेली नसते. फोनवरचा दुसरा प्रश्न ‘शेवटचा सीटीसी किती?’ आणि सोबत तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा. आकडा जास्त असला की उत्तर येतं, ‘तुम्ही आमच्यासाठी ओव्हरक्वालिफाइड आहात.’ कमी पगारात येतो म्हटलं की ‘टिकणार नाही, चांगलं मिळालं की जाईल.’ जुन्या पगाराच्या या चौकशीने माणूस आयुष्यभर जुन्या आकड्याला बांधला जातो, हे ओळखून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ मध्ये नोकरी देऊ करण्याआधी तो विचारायला कायद्याने मनाई केली. इथे तोच प्रश्न अर्जाच्या पहिल्या पानावर छापलेला असतो आणि तो भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही.

‘वडापावची गाडी टाक’ म्हणणाऱ्यांनी एकदा गाडीवाल्याला विचारावं की ती टाकायला काय लागतं. पहाटेचं कष्टाचं काम, जागेची मारामारी, पालिकेची गाडी आली की पळापळ. २०१४ चा पथविक्रेता कायदा होऊनही हजारो विक्रेते परवान्याविना उभे आहेत. या सल्ल्यात बेकाराचा अपमान आहे, आणि त्याहून मोठा गाडीवाल्याचा.

‘रिकामा वेळ आहे, काहीतरी शिकून घे’ हा सल्ला प्रेमाने दिला जातो, म्हणून त्याला उत्तर देणं अवघड जातं. मार्केटिंगमधली माणसं शिकतातच. प्रमाणपत्रं फुकट मिळतात, बायोडेटात लागतात. पण मुलाखतीत विचारतात, ‘महिन्याला कितीचं बजेट हाताळलंत?’ जाहिरातींवर लाखो रुपये खर्च करण्याचा सराव घरी बसून, कुणाच्या पैशाने करायचा?

आणि रिकामा वेळ म्हणजे मोकळा वेळ, ही समजूत नव्वद वर्षांपूर्वीच खोटी ठरली आहे. ती खोटी ठरवणाऱ्यांत बाजार-संशोधनाचा पाया घालणारा माणूस होता, हे मार्केटिंगवाल्यांनी लक्षात ठेवायला हवं. पॉल लाझार्सफेल्ड व्हिएन्नात गिऱ्हाइकांच्या आवडीनिवडींचा अभ्यास करणारी संस्था चालवायचे. मारी याहोदा आणि हान्स झायझेल यांच्यासोबत त्यांनी मारिएनथाल या गावाचा अभ्यास केला. तिथला कापडाचा कारखाना बंद पडून जवळजवळ सगळं गाव बेकार झालं होतं. १९३३ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. वेळ भरपूर होता, वाचनालयाची वर्गणीही माफ झाली होती, तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. संशोधकांनी घड्याळ लावून लोकांची चाल मोजली, तर पुरुष सावकाश चालत होते, थांबत थांबत. दिवसभर काय केलं, हे त्यांना सांगता येत नव्हतं. आळशी माणसांचं गाव नव्हतं ते. कारखाना सुरू असताना तिथे राजकीय सभा, खेळ, नाटकं, सगळं होतं. काम गेलं की वेळेचा कणा जातो, हे त्यातून पुढे आलं. पुण्यातला एखादा एरिया सेल्स मॅनेजर सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसतो आणि संध्याकाळी ‘आज काहीच झालं नाही’ म्हणतो, तेव्हा त्याला आळशी म्हणणाऱ्याने हा अभ्यास वाचलेला नसतो.

एका गोष्टीवर तर टोमणा मारणाऱ्यांनीसुद्धा संतापायला हवं. ती म्हणजे असाइनमेंट. दुसऱ्या राउंडनंतर मेल येतो: आमच्या नव्या उत्पादनाची लाँच योजना तयार करा, तीस स्लाइड, तीन महिन्यांचं कंटेंट कॅलेंडर, शहरवार खर्च, शुक्रवारपर्यंत. दहा उमेदवार रात्री जागून दहा योजना देतात. एकाला नोकरी मिळते, कधी कुणालाच नाही. योजना मात्र दहाही कंपनीकडे राहतात. सुताराला कुणी सांगतं का, आधी एक कपाट करून द्या, आवडलं तर कामावर ठेवू? नोकरी नसलेल्या माणसाकडून फुकट काम करून घेणं ही लूट आहे, आणि ती परीक्षा या नावाखाली चालते.

कायद्यानेही त्याला फारसा हात दिलेला नाही. एच. आर. अद्यंतया विरुद्ध सॅन्डोज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सांगितलं की औषध कंपन्यांचे वैद्यकीय प्रतिनिधी औद्योगिक विवाद कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे ‘कामगार’ नाहीत. त्यांना निदान १९७६ चा विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांचा कायदा होता. नव्या औद्योगिक संबंध संहितेने विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांना कामगारांत धरलं, पण मुख्यतः व्यवस्थापकीय काम करणारे बाहेरच राहिले. मार्केटिंगमध्ये दोन-तीन वर्षांत ‘मॅनेजर’ छापलेलं कार्ड हातात येतं. पद नव्हे, प्रत्यक्ष काम बघायचं असं न्यायालयं म्हणतात, पण ते सिद्ध करायला बेकार माणसाने किती तारखा घालवायच्या? राज्य कामगार विम्याखालची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना नोकरी गेलेल्याला ९० दिवसांपर्यंत काही रक्कम देते. ती विमाधारकांनाच, आणि विम्याची पगारमर्यादा २०१७ पासून महिना २१,००० रुपये. शहरात घर चालवणारा मार्केटिंगवाला त्या रेषेच्या थोडा वर असतो. मदत मिळायला पगार जास्त, वर्षभर बसून खायला कमी.

तेव्हा जाहिरातीत पगार लिहा, असाइनमेंटचे पैसे द्या, नकार कळवायचा असेल तर आठवड्यात कळवा. हे मागणं भिकेचं नाही. विकणाऱ्याने वस्तूची किंमत छापावी, हा नियम याच बाजारात साबणाच्या वडीला केव्हाच लागू झाला आहे.

आणि मुलाखतीच्या टेबलावर ‘तुमच्या बायोडेटात आठ महिन्यांचा गॅप आहे, का?’ असं विचारलं जाईल, तेव्हा पलीकडच्याने उत्तर द्यावं आणि त्याच आवाजात एक प्रश्न परत विचारावा. ही जागा तुम्ही पहिल्यांदा कधी जाहीर केलीत? त्यानंतर किती माणसं पाहिलीत, किती योजना मागवल्यात? ती अजून रिकामी आहे. का?